घराच्या आधी आडनाव

मुंबईत भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच 'कॉस्मो' हा शब्द कळतो. एजंट फोनवर नाव विचारतो. नाव सांगितलं की पूर्ण नाव विचारतो. मग जरा थांबून म्हणतो, "तुमच्यासाठी कॉस्मो बिल्डिंग बघू." कॉस्मो म्हणजे जिथे कुणालाही घर मिळतं अशी इमारत. हा शब्द मला माहीत झाला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि जन्मापासून याच शहरात राहत होते. मला तो आधी कळायची गरजच पडली नव्हती, कारण माझं आडनाव ऐकून कुणी फोनवर थांबलं नव्हतं.

मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळा पूर्व उपनगरात. तळमजल्यावर मराठी माध्यम, पहिल्यावर हिंदी, दुसऱ्यावर उर्दू. मैदान एक, पाण्याची टाकी एक, घंटा एक. उर्दू माध्यमाच्या एका बाई ठाण्याच्या पुढच्या मुंब्र्याहून यायच्या. आम्ही सगळ्याजणी त्यांना आपा म्हणायचो. सकाळच्या सत्रासाठी त्या पहाटे साडेपाचला घर सोडायच्या. धाकटा मुलगा झाल्यावर त्यांनी शाळेच्या जवळपास घर बघायचं ठरवलं, आणि मी म्हटलं, चला, मी येते बरोबर. हा भाग माझा, ओळखीपाळखी माझ्या.

आम्ही दोन महिने फिरलो. पगार सरकारी, डिपॉझिट तयार, नवरा बँकेत. कुठे घरमालक तयार असायचा तर सोसायटी नको म्हणायची, कुठे सोसायटीचं नाव पुढे करून घरमालकच माघार घ्यायचा. एका ठिकाणी सेक्रेटरी माझ्या ओळखीचे निघाले. मराठी, निवृत्त, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आपांच्या शाळेची चौकशी केली आणि म्हणाले, "माझी स्वतःची काहीच हरकत नाही हो. पण मेंबर ऐकणार नाहीत." परत येताना रिक्षात आपा मलाच समजावत होत्या, की ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या मुंब्र्यातच राहिल्या. निवृत्त होईपर्यंत त्याच लोकलने येत राहिल्या.

असा प्रसंग ऐकला की आपण माणसांच्या कोत्या मनाला दोष देतो आणि विषय सोडतो. मन कोतं आहेच. पण एवढ्या वर्षांत माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न नगररचनेचा आहे आणि तो तिथेच धरला पाहिजे. मुंबईत कोण कुणाच्या शेजारी राहील हे फक्त रहिवासी ठरवत नाहीत. सरकारने कुणाला जमीन दिली, कोणत्या अटींवर दिली, वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधायचा हक्क, कुणाच्या पदरात टाकलं, विस्थापितांना कुठे नेऊन ठेवलं, यावर ते ठरत आलं आहे. आणि जे सरकारच्या हातून घडतं, त्याचा जाब विचारता येतो.

शहर पहिल्यापासून वाड्या-मोहल्ल्यांचं आहे हे खरं. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन, कामाठीपुऱ्यात तेलुगू मजूर, भेंडीबाजारात बोहरी, भुलेश्वर-काळबादेवीला गुजराती व्यापारी. गिरणगावात तर एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, आणि या गावकीच्या खोल्यांचा हिशेब गावचाच माणूस ठेवायचा. परक्या शहरात पाय ठेवणाऱ्याला दुसरा आधार तरी कोणता होता? उधारी मिळायची ती गावच्या ओळखीवर, आजारपणात उशाशी बसायचा तोही गावचाच.

पण ज्या वस्त्या आज आपल्याला आपोआप वसल्यासारख्या वाटतात, त्यांतल्या कित्येक आखून वसवलेल्या आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली शेतं आणि मोकळ्या जमिनी घेऊन रस्ते आखले, भूखंड पाडले. मंचेरजी जोशी नावाच्या पारशी इंजिनिअरच्या खटपटीने त्यातले काही भूखंड पारशांसाठी राखले गेले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी झाली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, पाच बागा. आजही त्या भागातून चालताना वाटतं की शहर असं असावं. पण सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या या जमिनीवर दारावरची पाटी मात्र एकेका समाजाची लागली. सहकारी गृहनिर्माणाचंही तसंच. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने झालेली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. ज्ञातीतल्या माणसांनी एकमेकांना जामीन राहून घरं बांधली. त्या काळात मध्यमवर्गीय कारकुनाला घरासाठी कर्ज देणारं दुसरं कोण होतं? मी या लोकांना नावं ठेवणार नाही. त्यांनी मोठं काम केलं. फक्त एवढंच लक्षात घ्यायला हवं, की मुंबईतल्या सहकाराचा जन्म जातीच्या घरात झाला आणि कायदा बदलला तरी ती सवय सुटलेली नाही.

त्याच काळात डॉ. आंबेडकर परळला याच ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळीत राहत होते. परदेशात शिकून आलेल्या या माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. पुढे तेच बाबासाहेब हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहिले. आपला समाज ज्या चाळीत होता तिथे ते अनेक वर्षं राहिले, आणि वेळ आली तेव्हा तिथून बाहेरही पडू शकले. वेगवेगळ्या वस्त्यांबद्दल बोलताना माझी कसोटी हीच आहे. आपल्या माणसांत राहणं यात काही वाईट नाही. ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला बाहेर पडता येतं का, एवढंच मी बघते.

या कसोटीवर वरळीचा कोळीवाडा आणि मुंब्रा एका रांगेत बसत नाहीत. कोळीवाडा एकत्र आहे कारण होड्या, जाळी, बोंबील वाळत घालायचे बांबू आणि सकाळचा लिलाव हे सगळं एका किनाऱ्यावर लागतं. तिथली जागा मोडून सगळ्यांना टॉवरमध्ये मिसळून टाकणं म्हणजे त्यांचा धंदा बुडवणं. कोळी तरुणाला बोरिवलीला घर घ्यायचं असेल तर पैशांची अडचण येईल, आडनावाची सहसा येणार नाही. मुंब्र्याची गोष्ट निराळी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईत नऊशे माणसं मेली. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू अशी नोंद आहे. त्यानंतर मिश्र वस्त्यांतली घरं लोकांनी मिळेल त्या किमतीला विकली. मुसलमान कुटुंबं मुंब्रा, मीरा रोडचं नया नगर, कुर्ला, गोवंडीकडे गेली. जोगेश्वरीत ती आपल्या मोहल्ल्याच्या आत सरकली आणि हिंदू कुटुंबं तिथून बाहेर आली. जोगेश्वरी पूर्वेच्या काही रस्त्यांना लोक अजून 'बॉर्डर' म्हणतात. शहराच्या आतल्या रस्त्याला हा शब्द लागतो आणि तीस वर्षांनंतरही टिकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंब्र्याला गेलेल्यांपैकी ज्यांची ऐपत होती त्यांनाही परत येता आलं नाही, हे आपांनी मला दाखवलं. मागणी प्रचंड आणि रीतसर घरं थोडी, अशा जागी काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलं आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. ७४ माणसं गेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं राहत होती. मुंबईच्या वेशीवर स्वस्त छपरासाठी आलेली सगळ्याच जातिधर्मांची गरीब माणसं अशा इमारतींत राहतात. पण ज्याला पैसे असूनही रीतसर इमारतीत शिरता येत नाही, तोही शेवटी याच बाजारात येऊन उभा राहतो.

काही वस्त्या तर थेट सरकारी हुकमाने तयार झाल्या. गोवंडी-मानखुर्द-देवनारचा एम-पूर्व वॉर्ड घ्या. देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग १९२७ पासूनचं. १९७६ मध्ये आणीबाणीत जनता कॉलनी ही झोपडपट्टी उठवली आणि तिथल्या माणसांना चिता कॅम्पला नेऊन टाकलं. पुढे रेल्वेमार्गाकडेच्या आणि रस्तारुंदीतल्या झोपड्या उठवल्या, त्यातल्या हजारोंना मानखुर्द-गोवंडीतली लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका या वसाहतींत घरं दिली. इमारती इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. या वसाहतींची पाहणी झाली तेव्हा अपुरा उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. मुंबई मानव विकास अहवाल २००९ मध्ये हा वॉर्ड चोवीस वॉर्डांत सगळ्यात खाली होता. तिथे राहणारे बहुतेक दलित, मुसलमान आणि उत्तरेकडून-दक्षिणेकडून आलेले मजूर. त्यांनी एकत्र राहायचं ठरवून ही वस्ती केली असं कुणी म्हणू शकेल का? आता धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांसाठी मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांच्या जमिनी आणि देवनार डम्पिंगची जमीन यांचं नाव घेतलं जातं. जे गोवंडीत झालं तेच पुन्हा करायला आपण निघालो आहोत आणि त्याला पुनर्वसन म्हणतो आहोत.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत वाढली. १९९५ ला सुरू झाली तेव्हा २२५ चौरस फुटांचं घर मिळायचं, आता ३०० चं मिळतं. बिल्डर झोपड्यांच्या जागी इमारती बांधतो, झोपडीवाल्यांना घर फुकट देतो आणि त्या बदल्यात उरलेल्या जागेवर विक्रीचा टॉवर उभारतो. कागदावर बघाल तर याहून मिश्र वस्ती जगात सापडणार नाही. एकाच भूखंडावर श्रीमंत आणि गरीब, दहा भाषा, सगळे धर्म. प्रत्यक्षात मधोमध कंपाउंड वॉल उठते. टॉवरचं गेट मोठ्या रस्त्याला, पुनर्वसनाच्या इमारतीचं मागच्या गल्लीला. बाग टॉवरच्या बाजूला आणि पाण्याचा टँकर दुसऱ्या बाजूला. माझ्या वर्गातली दोन मुलं अशाच एका भिंतीच्या एका बाजूला राहायची. भिंतीपलीकडच्या घरांत त्यांच्या आया कामाला जायच्या. ती भिंत बांधायला परवानगी कुणी दिली? नकाशा मंजूर करणाऱ्यांनी. जिना किती रुंद हवा, अग्निशमनाची गाडी वळायला किती जागा हवी, हे जसं नियमात आहे, तसंच सार्वजनिक सवलतीवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पात मैदान आणि मुख्य प्रवेश समाईक राहील हेही नियमात लिहिता येतं. त्यासाठी कुणाचं मन बदलायची वाट बघावी लागत नाही.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की फक्त पारशांनाच सभासद करून घेणारी उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, चालेल. घटनेने संघटना करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, भेदभाव न करण्याचं बंधन राज्यावर आहे, खासगी संस्थेवर तसं नाही, असा त्याचा आशय. हा निकाल पुढे करून अनेक सोसायट्या सांगतात की आम्ही कुणाला घ्यायचं हा आमचा प्रश्न. मला न्यायालयाशी वाद घालायचा नाही. पण त्याच निकालातून हेही निघतं, की विधिमंडळाला हवं असेल तर ते कायदा करू शकतं. आणि आपल्या राज्यात निम्मी वाट आधीच चाललेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. अडचण भाड्याच्या घरात आहे. तिथे नकार नेहमी तोंडी असतो. आपांना दोन महिन्यांत एकही नकार कागदावर मिळाला नाही. कागदच नाही तर दाद कशावर मागणार?

आणि खासगी म्हणजे किती खासगी? मुंबईत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, शहरात १.३३ आणि उपनगरांत १ आहे. आज जो टॉवर उभा राहतो तो त्यावर उभा राहत नाही. दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल, म्हाडाची म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची वसाहत असेल, झोपडपट्टी पुनर्वसन योजना असेल, समूह पुनर्विकास असेल, तर ३, ४ किंवा त्याहूनही जास्त निर्देशांक मिळू शकतो. मधला फरक हा सगळ्या शहराने दिलेला असतो. त्या वाढीव माणसांचं पाणी, सांडपाणी, रस्ता, लोकलमधली गर्दी हे सगळं आपण सगळे सोसतो. शहराकडून तीन पट बांधायचा हक्क घ्यायचा आणि दार मात्र एकाच ज्ञातीला, एकाच धर्माला किंवा फक्त शाकाहाऱ्यांना उघडायचं, हे मला मान्य नाही. ज्या संस्थेला मूळ निर्देशांकातच राहायचं आहे, तिने हवं तर आपली जुनी वाडी तशीच ठेवावी. ज्या क्षणी ती वाढीव चटईक्षेत्र मागते, त्या क्षणी खुल्या सभासदत्वाची अट परवानगीच्या पत्रात लिहिली गेली पाहिजे, आणि ती विक्रीइतकीच भाड्यालाही लागू असली पाहिजे.

आता मराठी माणसाबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली. तिचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आणि मराठी घराघरांत संताप झाला. माझ्याही घरात झाला. मासे खाता म्हणून घर नाही, हे ऐकलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. त्यानंतर २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाचे आमदार अनिल परब यांनी विधान परिषदेत अशासकीय विधेयक आणलं, की नव्या इमारतींत निम्मी घरं एक वर्ष मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत. मागणीमागचं दुःख खरं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे एक तृतीयांशाहून थोडेच जास्त होते. गिरगाव, दादर, पार्ल्यातली मुलं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. पण ती कशाने गेली? आडनावाने काही गेली असतील. बहुतेक सगळी किमतीने गेली. दोन कोटींच्या घरांपैकी निम्मी वर्षभर राखून ठेवली तर लालबागच्या माणसाला त्यातलं कोणतं घेता येणार आहे?

आपलं खरं नुकसान गिरण्यांच्या जमिनीत झालं. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला स्वस्त घरांसाठी आणि उरलेला मालकाला असा हिशेब होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. गिरण्यांची शेड जिथे उभी होती ती सगळी जमीन मालकांकडे गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा बदल टिकला. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या अडीच लाख कामगारांच्या वस्तीत आज कोण राहतं ते लोअर परळच्या पुलावरून दिसतं. घरांसाठी कामगार आणि वारसांचे दीड लाखांहून जास्त अर्ज आहेत, आणि त्यांना मुंबईबाहेर दूर शेलू-वांगणीला घरं दाखवली जातात. त्या एक तृतीयांश जमिनीवर म्हाडाची घरं झाली असती तर मराठी टक्क्यासाठी वेगळं विधेयक आणायची पाळी आली नसती. तेव्हा आपण आवाज केला, पण पुरेसा केला नाही. आज माशांवरून जेवढा करतो तेवढा नक्कीच केला नाही.

आणि ज्या सेक्रेटरींनी आपांना चहा देऊन परत पाठवलं ते आपलेच होते. मुलुंडच्या प्रसंगावर चिडलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या सोसायटीत मुसलमान भाडेकरू आहे? किती ठिकाणी आडनाव कळेना म्हणून 'गाव कोणतं, तिकडे कुठल्या आळीत' असं विचारून जात काढली जाते? दोन्ही नकार एकाच जातीचे आहेत. एकावर कायदा मागायचा आणि दुसऱ्याला आपला अंतर्गत प्रश्न म्हणायचं, हे मला जमत नाही.

राखीव टक्केवारीचा विषय निघाला की सिंगापूरचं उदाहरण येतं. तिथे १९८९ पासून सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक भागात चिनी, मलय, भारतीय यांची कमाल मर्यादा ठरलेली आहे. तिथली जवळपास ऐंशी टक्के माणसं सरकारी घरांत राहतात, म्हणून ते राबवता येतं. त्याची किंमतही मोजावी लागते. अल्पसंख्य कुटुंबाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं, भाव पडतो. पण माझी हरकत याहून मूळची आहे. अशा व्यवस्थेत प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक घराचा धर्म आणि भाषा सरकारी वहीत लिहावी लागते. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात जानेवारी १९९३ मध्ये मतदारयाद्या हातात घेऊन केलेल्या हल्ल्यांची नोंद आहे. ज्या शहरात हे घडून गेलं, तिथे घरटी धर्माची आणखी एक यादी मी मागणार नाही. गुजरातचा अशांत क्षेत्रांचा कायदाही आठवावा. दंगलीनंतर घाबरून कवडीमोलाने घर विकावं लागू नये म्हणून तो केला, विक्रीला कलेक्टरची परवानगी लावली. पुढे तोच कायदा मिश्र वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्याला अडवायला वापरला जाऊ लागला.

आपल्याकडे याहून साधी आणि अनुभवाने सिद्ध झालेली पद्धत आहे. सोडत. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढले. हाउसिंग बोर्डाची वसाहत, कामगारांसाठी बांधलेली. पगाराची मर्यादा बघून घर मिळालं, शेजारी कोण येणार हे कुणी निवडलं नव्हतं. आमच्या मजल्यावर मालवणचे, साताऱ्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती आणि एसटीत ड्रायव्हर असलेले रत्नागिरीचे मुसलमान काका. त्यांच्या घरी आमची आई ईदला मदतीला जायची आणि गणपतीत काकी आमच्याकडे मोदकांच्या पाऱ्या करायला बसायच्या. भांडणंही झाली, नळावरून तर रोज झाली. पण १९९३ च्या जानेवारीत आमच्या जिन्याच्या दाराशी रात्रभर पुरुष बसले होते, आणि ते त्या काकांच्या घरासाठी बसले होते. नुसतं जवळ राहिल्याने हे आपोआप होत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळींत, दलित आणि सवर्ण एकमेकांच्या समोरच राहत होते, तरी १९७४ च्या जानेवारीत तिथे दंगल पेटली. तिथे चाळी जवळजवळ होत्या, पण एक इमारत यांची आणि एक त्यांची अशी वाटणी होती. जिना एक असणं आणि रस्ता एक असणं यात फार अंतर आहे. आता त्याच वरळीत पुनर्वसनाच्या टॉवरमध्ये कुणाला कोणतं घर हे म्हाडाने सोडतीने ठरवलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हाडाच्या लॉटरीत उत्पन्नगट आहेत, अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण आहे, पण शेजारी निवडायची सोय नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे, की विकास नियमावलीने चार हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांत जी वीस टक्के छोटी घरं राखली आहेत, ती सोडतीनेच जावीत आणि त्याच इमारतींच्या रांगेत असावीत. प्रकल्पग्रस्तांना एकाच वॉर्डात कोंबणं बंद व्हावं. सरकारी जमीन ज्ञाती-संस्थांना सवलतीत देण्याचा काळ संपला हे एकदा जाहीर करावं. आणि भाडेकरू नाकारायचा असेल तर सोसायटीने कारण लिहून द्यावं. एवढी एक ओळ नियमात आली तरी निम्मे सेक्रेटरी विचार करतील.

आराखडा करणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे, आणि ते शिक्षिका म्हणून. शाळा, दवाखाना, मंडई, मैदान यांची आरक्षणं वस्तीच्या पोटात टाकू नका. दोन वस्त्यांच्या मधे टाका, दोन्हीकडून दार ठेवा. जिथे लोक 'बॉर्डर' म्हणतात तिथे ग्रंथालय आणि प्रसूतिगृह बांधा. महापालिका आठ भाषांत शाळा चालवते, आणि एका इमारतीत तीन-तीन माध्यमं असतात, ही या शहराची केवढी मोठी ठेव आहे. आमच्या शाळेत तळमजल्याची मुलं दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांशी कबड्डी खेळायची, आणि त्यासाठी कुणी सद्भावना सप्ताह पाळला नव्हता. मराठी माध्यमाचे वर्ग पटाअभावी बंद होतात तेव्हा आपण भाषेसाठी हळहळतो. तो मजला रिकामा होतो तेव्हा वरच्या मुलांना मराठी बोलणारा सवंगडी उरत नाही, हे नुकसान कुणी मोजत नाही.

आमची कन्नमवार नगरातली इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. वाढीव चटईक्षेत्र म्हाडाकडून मिळणार, विक्रीची घरं येणार. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. मी लेखी सूचना दिली आहे, की बिल्डरबरोबरच्या करारात दोन कलमं असावीत. विक्रीची आणि आपली घरं एकाच आवारात, एकाच गेटने. आणि धर्म, जात, भाषा किंवा खाणं यावरून कुणालाही विकत किंवा भाड्याने घर नाकारलं जाणार नाही, नाकारलं तर कारण सात दिवसांत लेखी. सूचनेला अनुमोदक मिळायला चार दिवस लागले. शेवटी सही केली ती मजल्यावरच्या त्या काकांच्या मुलाने आणि खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या आजींनी. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेवर तो अकरावा विषय घेतला आहे. आपांना मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, सभेची तारीख कळव.